पदरचा परिच्छेद

—छे हो सर, मी कशाला कौमुदीच्या वाईटावर असेन? बसा, चहा ओतते. आफ्रिकन कथा मराठीत येतायत, तुम्ही कौमुदीच्या अनुवादांचं पुस्तक काढायचं ठरवलंत, आनंदच आहे मला — का नसेल? अहो, तिला त्या कथा दाखवल्या कुणी? मी! इथे जर्मनीत, डार्मश्टाटच्या आमच्या मराठी वाचनगटात सगळे तेच ते जुने दिवाळी अंक चघळत बसायचे — मी म्हटलं, नैरोबी, लागोसची आजची पोरं काय लिहितायत ते बघा जरा. कथा, कविता, समीक्षा, सगळं मी आणायचे. सुनेत्रा, या वेळी काय वाचायचं, असं विचारायचे सगळे. आणि ही र्युसेल्सहाइमहून नवऱ्याच्या गाडीतून यायची, सुरळीच्या वड्या घेऊन, आणि कोपऱ्यात बसायची. वड्या छान करते हं, ते मी नाकारत नाही.

आणि गेल्या वर्षीचा तुमचा दिवाळी अंक उघडते तर काय — त्या केनियाच्या वांजिरूची कथा, अनुवाद कौमुदी! सर, ती कथा मी जर्मनवरून दोन वर्षं करत होते. पहिलंच पान अकरा वेळा लिहिलं. हिनं तीन आठवड्यांत उरकली! वर ती वांजिरू फ्रांकफुर्टला वाचनाला आली, तर सगळ्यांदेखत हिला मिठी. मला म्हणाली, तुम्हीपण मराठी वाचता का? जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू.

पण मार्चमध्ये तुम्हाला ते पत्र मी जळून नाही लिहिलं. आल्झो, म्हणजे हे बघा, ते वेगळं. कथेचं जर्मन भाषांतर शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहिली मी. तर तो शेवटचा परिच्छेद — आई गेल्यावर मुलगी तिचे कपडे धुते तो — जर्मनमध्ये नाहीच! म्हणजे कौमुदीनं पदरचा घातला ना? मग कळवायला नको तुम्हाला? तुम्ही पुस्तक थांबवलंत ते बरंच केलंत, नाहीतर तुमचीच नाचक्की.

काय? मूळ इंग्रजी? — अहो, ते नैरोबीच्या कुठल्याशा छोट्या मासिकात आलेलं, कुठे मिळायचं आता? आणि जर्मन माणूस अख्खा परिच्छेद गाळेल होय? स्वल्पविराम गाळत नाहीत ही माणसं! बिस्किट घ्या ना.

काय म्हणालात? तो परिच्छेद कौमुदीचा असेल तर तिचीच कथा मागणार तुम्ही? लेखिका आहे ती? — काय हो सर! तिच्या हाताला एवढी धार असती तर काय हवं होतं! उलट वाट लावलीय तिनं त्याची. ‘तिने आईचे कपडे पुन्हा पुन्हा धुतले’ — हे काय वाक्य झालं? इंग्रजीत नुसतं एवढंच आहे, की पाणी नितळ निघायला लागलं तरी ती थांबली नाही. बस्स, एवढंच! किती साधं, आणि किती — मी तर तिथे रडले —

असे काय बघताय?

लायब्ररीतून मागवलं होतं मासिक. कधी म्हणजे — जूनमध्ये. वर्ल्डकपच्या गडबडीत आलं. कळवणारच होते हो मी. चार महिने म्हणजे काही —

राहू दे तो चहा. तुम्हाला र्युसेल्सहाइमला जायचंय ना तिच्याकडे? मग निघा. दार ओढून घ्या जाताना.