गाईने खाल्लेलं शेपूट

दातवाला : किती खाल्लंय ते नीट बघून सांगतो. तू हलू नकोस.

मास्तर : मी कुठे हलतोय? पहाटेपासून गुडघे पोटाशी धरून पडलोय. सांग, किती?

दातवाला : शेपटीची आडवी फळी आहे ना, नाक वर-खाली करणारी? तिचं डावीकडचं कापड. अर्धं.

मास्तर : अर्धं म्हणजे?

दातवाला : म्हणजे आतल्या फासळ्या दिसताहेत. कडेला दातांचे ठसे आहेत. खालचेच. गाईला वरचे पुढचे दात नसतात.

मास्तर : मी इथे मरतोय आणि तू गाईचे दात तपासतोयस.

दातवाला : सवय आहे रे.

मास्तर : कुठे आहे ती?

दातवाला : समोरच उभी आहे. रवंथ करतेय. आपल्या विमानाचं.

मास्तर : हाकल तिला!

दातवाला : हाकललं. दोन पावलं सरकली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू न बोलावता जेवायला मीच आलोय.

मास्तर : पण विमानाभोवती करंटची तार होती ना? अठरा वर्षं आपण कुरणात उतरतोय, अठरा वर्षं तार लावतोय. कापडाचं विमान गुरं चाटतात हे काय मी तुला सांगायचं? काल तुझी पाळी होती.

दातवाला : तार लावली होती.

मास्तर : मग?

दातवाला : तार होती. करंट नव्हता.

मास्तर : बॅटरी?

दातवाला : उतरली.

मास्तर : नवी बॅटरी उतरली? कशाने?

दातवाला : माझ्या गादीत हवा भरली तिने. पंप जोडला होता. म्हटलं पाच मिनिटांचं काम. गादीला बारीक भोक होतं, ते काही माझ्या लक्षात आलं नाही. मी झोपलो आणि पंप चालूच राहिला.

मास्तर : म्हणजे रात्रभर तू गादीवर...

दातवाला : फार छान झोप लागली. ते आता सांगायला नको होतं.

मास्तर : आई गं...

दातवाला : आली का कळ? दाबतो इथे. उजवीकडे, खाली. आणि सोडल्यावर?

मास्तर : आई गं! हात काढ! सोडल्यावर जास्त दुखतंय!

दातवाला : अपेंडिक्सच आहे, मास्तर.

मास्तर : तू दातांचा डॉक्टर आहेस.

दातवाला : पहिल्या दोन वर्षांत बाकीचं शरीरही शिकवतात. पुढे मग ते विसरायला लावतात. ताप केव्हापासून आहे?

मास्तर : आत्ता आला.

दातवाला : मास्तर.

मास्तर : गुरुवारपासून.

दातवाला : आज रविवार आहे! आपण काल निघालो! निघताना तुला विचारलं होतं मी, तब्येत कशी आहे. तू म्हणालास, घोड्यासारखी.

मास्तर : कुठल्या घोड्यासारखी, ते तू विचारलं नाहीस.

दातवाला : वहिनींना माहितीये?

मास्तर : तिला सांगितलं असतं तर तिने हँगरच्या दारात आडवी पडून विमान अडवलं असतं. पुढच्या महिन्यात माझी वैद्यकीय तपासणी आहे. गेल्या खेपेलाच त्या डॉक्टरने ईसीजीकडे बघून चष्मा पुसला होता, दोनदा. या वेळी मला उडू देणार नाहीत. ही शेवटची खेप होती रे. तळ्याकाठी दोन दिवस, पंखाखाली तंबू, तुझा तो घाणेरडा चहा. पोटदुखीसाठी हे सोडू?

दातवाला : हो! सोडायचं! माणसं सोडतात! रेडिओवर चारदा हाक मारली, डोंगराशिवाय कोणी ऐकत नाहीये. मोबाइलचं तर नुसतं घड्याळ झालंय. गुराख्याचा पत्ता नाही. चालत जायचं म्हटलं तर रस्त्यापर्यंत दीड दिवस.

मास्तर : मग चालू नकोस. शीव.

दातवाला : काय?

मास्तर : शेपटी. तुझ्या पिशवीत ती वाकडी सुई असते ना, हिरड्या शिवायची? तंबूचं कापड काप, माझी मासे धरायची दोरी घे. ताणून शीव, वरून चिकटपट्टी लाव.

दातवाला : मी माणसाचं तोंड शिवतो. भूल देऊन.

मास्तर : विमान ओरडणार नाही. जा.

(दातवाला शेपटीपाशी बसून शिवतो आहे, मास्तर पंखाच्या सावलीत आडवा.)

मास्तर : किती झालं?

दातवाला : तीस टाके. आयुष्यात इतकी सुंदर हिरडी मी शिवली नाही. तू बोलत राहा.

मास्तर : हे झालं की तू एकटा जा. हलकं विमान लवकर वर उठेल. गावातून मदत घेऊन ये.

दातवाला : आणि तू?

मास्तर : मी आणि ही गाय. आमचं जमेल.

दातवाला : तुला ठेवून मी जात नाही. शिवाय इथून मी कधी उचललंय? पट्टी आखूड, टोकाला झाडं, पलीकडे पाणी. इथून नेहमी तूच काढतोस. मी बाजूला बसून डोळे मिटतो.

मास्तर : मिटतोस? अठरा वर्षं?

दातवाला : मला वाटलं तुला माहितीये.

मास्तर : मग मला बाजूला बसव आणि तूच काढ. डोळे उघडे ठेवून.

दातवाला : तुला बसता येतंय का सरळ? काल संध्याकाळी तू म्हणालास ना, दमलो, तेव्हाच मी... शी! हे टोक सुटलं. मास्तर, बोल की. मास्तर?

मास्तर : थांबलं.

दातवाला : काय थांबलं?

मास्तर : दुखायचं! एकदम! बघ, पाय सरळ झाले. अरे, बसलो की मी! बहुतेक गॅसच होता. तुझ्या चहाचा.

दातवाला : हं.

मास्तर : काय मस्त वाटतंय! ए, नीट टाके घाल, आता घाई नाही. दुपारी निघू निवांत. काय झालं?

दातवाला : काही नाही.

मास्तर : तू गप्प बसलास.

दातवाला : शिवतोय.

मास्तर : गेली अठरा वर्षं तुझ्या खुर्चीत बसतोय मी. तू बडबडत असलास की दात वाचतो. गप्प झालास की काढावा लागतो. बोल.

दातवाला : अपेंडिक्स फुटलं की दुखणं थांबतं. आतला ताण गेला म्हणून. थोडा वेळ बरं वाटतं.

मास्तर : थोडा म्हणजे किती?

दातवाला : तास. दोन तास. नक्की माहीत नाही, मी त्या दिवशी तासाला बसलो नव्हतो. नंतर सगळ्या पोटात पसरतं. मग आधीपेक्षा वाईट. मग...

मास्तर : पुढचं कळलं.

दातवाला : मास्तर, मी गादी फुगवली नसती तर आत्तापर्यंत तू ऑपरेशनच्या टेबलावर असतास.

मास्तर : मी गुरुवारी तोंड उघडलं असतं तर काल असतो. ऐक. पाय चालताहेत.

दातवाला : कोणाचे?

मास्तर : माझे, गाढवा! बघ. डावा. उजवा. विमानाची दोन्ही पेडलं दाबता येतील. तास असला तर खूप झाला. इथून मी काढतो.

दातवाला : फुटलेलं पोट घेऊन तू विमान उडवणार?

मास्तर : उडवणार नाही, नुसतं उचलणार. डोंगर ओलांडला की तू घे. सरळ तर तुला नेता येतं ना?

दातवाला : सरळ नेता येतं.

मास्तर : मग सामान काढ. सगळं. तंबू, स्टोव्ह, खुर्च्या. गळ पण.

दातवाला : गळ पण? वहिनींनी दिलेला?

मास्तर : तिला सांग, गाईने खाल्ला. शिवून झालं?

दातवाला : एकोणपन्नास.

मास्तर : पन्नास कर आणि बस.

(इंजिन सुरू होतं.)

दातवाला : गाय पट्टीवर आली.

मास्तर : दिसतेय. डावीकडून घेतो.

दातवाला : डावीकडे चिखल आहे!

मास्तर : उजवीकडे गाय आहे. तू वेगाचे आकडे वाच.

दातवाला : चाळीस. पंचेचाळीस. मास्तर, शेपटी थरथरतेय, सुकाणूच्या दांड्यापर्यंत कळतंय.

मास्तर : मलाही कळतंय. आकडे!

दातवाला : पन्नास. पन्नासच आहे. अजून पन्नासच! झाडं!

मास्तर : दिसताहेत. पोट फुटलंय, डोळे नाही.

दातवाला : पंचावन्न. साठ. ओढ! ओढ ना!

मास्तर : अजून नाही.

दातवाला : मास्तर, झाडं!

मास्तर : अजून... आता.

(चाकं झाडांच्या शेंड्यांना घासत विमान वर जातं.)

मास्तर : दातवाल्या, डोळे उघड.

दातवाला : उघडेच होते. सगळं बघितलं. परत कधी बघणार नाही. चाकाला फांदी लटकलीये.

मास्तर : राहू दे. टाके?

दातवाला : थांब, बघतो मागे. एक सुटलाय. चिकटपट्टी फडफडतेय. बाकी धरून आहेत.

मास्तर : खिंडीतून जाऊ. वर नको. रेडिओ लाव.

दातवाला : ऐकताय का कोणी? ऐकताय का? विमानात दोघं आहोत, एक आजारी, पोट फुटलंय... हो! हो, ऐकतोय, बोला! नाही, विमानाचं नाही, माणसाचं पोट! चाळीस मिनिटं. हो. शेपटीला पण लागलंय. काय लागलंय? गाय. हॅलो? नाही हो, थट्टा नाही, देवाशपथ नाही! मास्तर, रुग्णवाहिका धावपट्टीवर आणताहेत. ऐकलंस? मास्तर, तुला घाम आलाय.

मास्तर : परत सुरू झालं. सगळीकडे.

दातवाला : दे मला.

मास्तर : रीतीने घे. विमान तुझ्याकडे.

दातवाला : माझ्याकडे.

मास्तर : ...

दातवाला : मास्तर, आता परत तू म्हणायचं असतं, तुझ्याकडे. त्याशिवाय मी धरलं असं होत नाही. मास्तर! ए! बोल ना रे!

मास्तर : ...तुझ्याकडे.

दातवाला : हां. बोलत राहा. काहीही बोल. शिव्या दे. गादीवरून दे.

मास्तर : नाक...

दातवाला : काय नाक?

मास्तर : वर गेलंय. जरा खाली घे.

दातवाला : असं?

मास्तर : अजून थोडं... हं. आता काही करू नकोस. असंच जाऊ दे.