चौकोनी सोफा

हसाल तुम्ही, पण आमच्या सोफ्यात एकदा चर्चचे फादर अडकले होते. नायगावचा नवा फ्लॅट आशीर्वादित करायला आलेले. सोफा सुट्या भागांचा, हवा तसा जोडा! वटारहून आलेल्या आईने बजावलं, "फादरांकडे कुणाची पाठ नको हं!" म्हणून आम्ही भाग सरकवत, जोडत गेलो आणि चौकोनच बंद झाला. मध्ये फादर, भोवती आम्ही.

प्रार्थना संपली. बाहेर पडायला वाटच नाही! भाग जोडणाऱ्या कड्या सोफ्याच्या मागच्या बाजूला. त्या काढायला मी वळलो, तर आई कडाडली, "फादरांकडे पाठ?"

मी पुन्हा फादरांकडे तोंड करून बसलो.

शेवटी फादरांनीच झगा वर धरला, सोफ्यावर चढून पलीकडे उडी मारली आणि म्हणाले, "घराला आशीर्वाद दिलाय. सोफ्याला देणार नाही."