संगीताचा अल्बम

भिसेगावच्या संगीताचं तुम्हाला सांगितलंच नाय वाटतं मी. हळदीला गायची ती, मी साथीला कीबोर्डवर असायचो. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, "आवाज पहिल्यासारखा राहीलच असं सांगता येत नाही."

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मग आधी अल्बम करू रं."

शिळफाट्याच्या स्टुडिओत आठ दिवस बसून आम्ही सहा जुनी गाणी नव्यानं केली आणि चार तिची स्वतःची. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज घोगरा झाला तो झालाच. तिनं गाणं सोडलं.

परवा दहिवलीला एका हळदीला आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. स्पीकरवर तिच्याच अल्बममधलं, तिनंच रचलेलं गाणं लागलं. तिला राहवेना, हळूच गुणगुणायला लागली. तशी पुढच्या खुर्चीवरची म्हातारी मागं वळून म्हणाली, "जरा गप ऱ्हा गं बाय! ती पोरगी किती गोड गाते, ऐकू दे की."

मी म्हातारीला सांगायला तोंड उघडलं, तर संगीतानं माझा हात दाबला.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "मलापन ऐकायचंय."