सरांचा ‘तरच’ मी कापला

मंडळी, नमस्कार.

समोर बिरू सरांच्या पत्नी, मालनवहिनी बसल्यात. त्यांच्या शेजारी सविता, सरांची मुलगी. वरकुट्याहून टेम्पो भरून माणसं आलीत. लोणी भापकरहून आलीत. लोणी देवकरच्या कंपनीतली पोरं रजा टाकून आलीत. ऊसतोड ऐन भरात असताना इतकी माणसं कामं टाकून इंदापुरात जमलीत. अशा सभेत बोलणं मला जड जातंय. रडू येतंय म्हणून नव्हे, रडणं तीन दिवस झालं. मला चीड आलीय. शोकसभेत असं बोलू नये हे मला कळतं. वहिनी, मला माफ करा. पण मी बोलणार आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुमन. बारामतीहून शेतीचं एक मासिक निघतं, त्याची मी संपादक. बिरू सर जमिनीचे डॉक्टर. माती तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरची वर्षंही त्यातच गेली. ते लिहायचे ते शास्त्रज्ञांच्या भाषेत. त्याचं आपल्या माणसांना वाचता येईल असं मराठी करायचं, हे माझं काम. पंधरा वर्षं मी ते केलं.

माझ्या आधी तीन वक्ते बोलले. तिघंही म्हणाले, ‘जिप्समवाले सर गेले.’ बाहेर फ्लेक्स लावलाय. त्यावर सरांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘जिप्सम टाका, जमीन वाचवा!’ काय करावं या माणसांना? मंडळी, हे वाक्य सरांनी जन्मात लिहिलं नाही. हे वाक्य माझं आहे. आणि ते चुकीचं आहे.

ऐकून घ्या. बसा आबा, बसा. तुमच्यासाठीच सांगतेय.

सरांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. त्यांची आई मेंढरं घेऊन कालव्याच्या कडंनं जायची. मेंढरं एखाद्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबून माती चाटायला लागली, की आई म्हणायची, ‘बिरू, हितं मीठ वर आलंय बघ.’ सरांची पीएचडी त्याच पट्ट्यांवर झाली. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि पाणी मुरून मुरून खालचं मीठ वर आलं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या शेतात ते आहे. सरांनी गावोगाव फिरून माती गोळा केली आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. मिठानं भरलेली खारवट जमीन वेगळी, चिकट होऊन पाणी न मुरणारी चोपण जमीन वेगळी. दोन्ही बिघडलेल्याच, पण दोघींचं दुखणं एक नव्हे. चोपणीला जिप्सम लागतं. खारवटीला आधी चर काढून पाणी बाहेर काढावं लागतं. आणि जिप्सम टाकून वर पाणी भरायचं असेल, तर ते पाणी खाली वाहून जायला वाट पाहिजे. पाण्याला वाट नसेल तर मीठ जाणार कुठं? जिथल्या तिथं बसणार.

हे सगळं त्यांनी मला लिहून दिलं होतं. बावीस पानं. त्यात प्रत्येक ओळीला एक ‘बहुधा’, एक ‘काही जमिनींत’, एक ‘आढळले नाही, तरी’. मला वेड लागायची पाळी यायची. मी ‘उत्पन्न वाढते’ केलं की सकाळी सहाला फोन. ‘ताई, वाढते न्हाय. वाढू शकते.’ मी म्हणायची, ‘सर, वाढू शकते म्हटलं की माणूस पान उलटतो.’ ते म्हणायचे, ‘उलटू द्या की. खोटं वाचण्यापरीस न वाचलेलं बरं.’ आता अशा माणसाबरोबर मासिक कसं काढायचं, सांगा ना? अंक वेळेवर जायला नको?

मी त्यांना एकदा वैतागून विचारलं, ‘सर, तुमचा मूळ प्रबंध आतापर्यंत किती जणांनी वाचला?’ ते म्हणाले, ‘खरं सांगू? माझ्या गाईडनं बी शेवटपातूर वाचला का न्हाय, शंका हाय.’ आणि हसले. म्हणून तर ते माझ्याकडं यायचे. त्यांना माझी गरज होती आणि मला त्यांची. यात खोटं काही नाही.

तर तो लेख. बावीस पानांची मी चार पानं केली. चांगली केली होती. सरांनी वाचली, होकार दिला. अंक छपाईला जायच्या दिवशी एक जाहिरात आली आणि पानावरच्या अकरा ओळी कमी करायला लागल्या. मी घाईत होते. दहा मिनिटांत कापल्या. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं, ‘जिप्सम टाकल्यावर पाणी भरून द्यावे, मात्र शेतातून निचरा होत असेल तरच.’ मी ते ‘पाणी भरून द्यावे’ इथंच संपवलं. वर मथळा दिला, जो आज फ्लेक्सवर आहे. सरांना फोन केला नाही. फोन केला असता तर तासभर गेला असता, म्हणून केला नाही. नाव त्यांचं होतं. हात माझा होता.

अंक हातोहात गेला. कौतुकाची पत्रं आली. मी खूश.

वरकुट्यात सरांच्या घरापासून चार घरं सोडून शिवराम आबा राहतात. आबा तिसऱ्या रांगेत बसलेत, पांढऱ्या टोपीत. आबांची कालव्याच्या खालची जमीन. चोपण. हातभर खणलं की पाणी. आबांनी तो लेख नातवाकडून दोनदा वाचून घेतला. गावचा माणूस, शिकलेला माणूस, डॉक्टर माणूस लिहितोय म्हटल्यावर आबांनी कुणाला विचारायचं? ट्रॉली भरून जिप्सम आणलं, टाकलं, आणि लेखात लिहिलं होतं तसं पाणी भरून दिलं. भरून दिलं म्हणजे बांधापर्यंत. पाण्याला जायला वाट नव्हती. ते उभं राहिलं. उभा ऊस मुळातून सडला. पाणी आटलं तेव्हा शेत पिठागत पांढरं झालं होतं. पुढची दोन वर्षं त्या रानात गवतसुद्धा आलं नाही.

आबा तो अंक घेऊन सरांच्या दारात गेले. भांडायला नव्हते गेले. वहिनी तिथंच होत्या, त्यांनी मला हे सांगितलं. आबा म्हणाले, ‘बिरू, तू लिवलंय तसंच केलं बघ म्या. माझं काय चुकलं तेवढं सांग.’

सरांनी तो अंक तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. आणि काय म्हणाले? ‘आबा, तुमचं काय चुकलं न्हाय. माझं चुकलं.’

एवढंच. माझं नाव नाही, संपादकाचं नाव नाही, कापलेल्या ओळीचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर फावडं घेऊन आबांच्या रानात गेले आणि आबांच्या बरोबरीनं चर खणायला लागले. साठीला आलेला माणूस. हाताला फोड आले, ते फुटले, चिंधी बांधून परत गेले. गाव बघत होतं. गाव काय म्हणत होतं तेही तुम्हाला आठवत असेल. ‘डॉक्टरनं आबाचं रान बुडवलं.’ तुमच्यातलेच काही म्हणत होते. माना खाली घालू नका, मी कुणाचं नाव घेत नाही.

चर खणून झाल्यावर ते बारामतीला आमच्या ऑफिसात आले. एका हातात अंक, एका हातात त्यांची बावीस पानं. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी फोडांकडं बघत होते. त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, हितला माझा तरच कुठं गेला?’

मी जाहिरातीचं सांगितलं. जागेचं सांगितलं. मग माझाच आवाज चढला. मी म्हणाले, ‘सर, अटींच्या जंगलात माणसं हरवतात. मी त्यांना वाट करून देते.’ ते म्हणाले, ‘व्हय, देता. पन संशोधन माझं, भाषा तुमची, आन जमीन आबाची. तुमी वाट केली ती त्याच्या रानातनं गेली.’

मी म्हणाले, ‘मी वरकुट्याला येते. आबांना सांगते की ओळ मी कापली.’ खरंच म्हणाले होते. त्यांनी मान हलवली. ‘नाव वर माझं हाय. तुमचं नाव बघून आबानं पाणी सोडलं न्हाय.’

आणि मी लगेच ऐकलं. मंडळी, इतर कुठलीही गोष्ट मी त्या माणसाची पहिल्या झटक्यात ऐकली नाही. ही ऐकली. सोयीची होती ना! पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. सरांना ती त्याच पानावर, त्याच टायपात हवी होती. मालक नको म्हणाले, मीही फार भांडले नाही. शेवटच्या पानावर तीन ओळी टाकल्या. ‘गेल्या अंकातील लेखात निचऱ्याचा उल्लेख राहून गेला आहे.’ राहून गेला! जशी काही छत्री एसटीत राहून गेली. कुणी वाचली ती दुरुस्ती? हात वर करा. बघा. एक नाही. आणि मथळा मात्र आज फ्लेक्सवर.

आबा, इतकी वर्षं तुम्ही सरांना माफ केलं म्हणून तुमचा मोठेपणा सांगतात. तुम्ही चुकीच्या माणसाला माफ केलंत. ती ओळ मी कापली. मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हे कळायला हवं होतं, आणि ते सर असताना, त्यांच्यासमोर कळायला हवं होतं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. आज आहे कारण आज ते सोपं आहे. याचीही मला चीड आहे.

त्यानंतर सर मला लेख देणं बंद करतील असं वाटलं होतं. त्यांनी बंद केलं नाही. उलट एक अट घातली, आणि त्या अटीनं माझा जीव खाल्ला. मी संपादन केलेला प्रत्येक लेख आधी वरकुट्यात नेऊन मोठ्यानं वाचायचा. ऐकायला आबा, मालनवहिनी, जो कुणी असेल तो. वाचून झालं की सर एकच प्रश्न विचारणार, ‘आता उद्या सकाळी उठून तुमी काय करनार?’ ऐकणारा जे सांगेल ते आणि सरांनी शोधलेलं, दोन्ही जुळलं तर लेख छापायचा. नाही जुळलं तर परत बारामती, परत खाडाखोड, परत एसटी. दोन अंक उशिरा निघाले यापायी. मालकांनी मला झापलं. एकदा मालनवहिनी ऐकून म्हणाल्या, ‘मी तर काईच करनार न्हाय, तुमी काय करायचं ते सांगितलंच न्हाय की.’ त्या वेळी चूक सरांची होती. त्यांनी निम्मा लेख शंकांनीच भरला होता. ते तोंड पाडून बसले आणि मी त्या दिवशी वहिनींच्या हातची भाकरी फार चवीनं खाल्ली.

पण सांगते, त्या अटीनंतर आमच्या लेखामुळं कुणाचं रान गेलं नाही. निदान माझ्या कानावर आलं नाही. बघा, मीसुद्धा आता त्यांच्यासारखीच बोलायला लागले.

आता शेवटचं. अध्यक्षांनी मघाशी मला चिठ्ठी दिली, ‘सरांचं अखेरचं संशोधन वाचून दाखवा, लोकांना लाभ होईल.’ अध्यक्षांना कुणी सांगितलं माहीत नाही, पण खरं आहे. सरांची एक वही माझ्याकडं आहे. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा त्यांनी उशाखालून काढून दिली. आबांच्याच रानातल्या नोंदी. चरांमधून जाणारं पाणी ते दर पंधरवड्याला मोजत होते आणि त्यातून त्यांना काहीतरी नवं दिसलं होतं. मी तिथंच पानं चाळली. माझ्या डोक्यात लगेच मथळा तयार. सवय जाते का? मी म्हणाले, ‘सर, पुढच्या अंकात पहिल्या पानावर घेते.’

त्यांना बोलताना धाप लागत होती. ते म्हणाले, ‘ताई, ही छापायला न्हाय दिली. अजून दोन पावसाळं मोजायला पायजेत. एका रानात दिसलं म्हंजे खरंच हाय असं न्हाय.’

मी म्हणाले, ‘सर, दोन पावसाळे...’

ते म्हणाले, ‘व्हय. मला ठाव हाय. पन पाण्याला ठाव न्हाय ना.’

अध्यक्ष साहेब, म्हणून मी ही वही वाचणार नाही. लाभ वगैरे ठीक आहे. सरांना श्रद्धांजली म्हणून छापू या, असं तुमच्यापैकी चौघांनी तरी मला फोनवर सांगितलं. नाही छापणार. विशेषांकात नाही, स्मरणिकेत नाही, व्हॉट्सॲपवर नाही. त्यात काय आहे ते मी चहा पितानासुद्धा सांगणार नाही, विचारू नका. सविताला मोजमाप येतं, ती वडिलांबरोबर पाच वर्षं त्या चरांवर जात होती. सविता, ये. ही वही घे. दोन पावसाळे मोज. आकडे तेच म्हणाले तर आपण दोघी वरकुट्यात बसून मोठ्यानं वाचू आणि मग छापू. नाही म्हणाले तर सरांचं शेवटचं संशोधन चुकीचं निघालं, असं ठळक टायपात मी स्वतः छापीन, आणि त्यात काही कमीपणा नाही.

सविताच्या हातात वही गेली, सगळ्यांनी पाहिलं. माझं काम झालं.

आता श्रद्धांजलीसाठी उभं राहू या. आबा, तुम्ही बसूनच राहा, गुडघ्यांना त्रास नको. अध्यक्षांनी दोन मिनिटांचं घड्याळ लावू नये. वहिनी बसतील तेव्हा आपण बसू.

बिरू सर, नमस्कार.