भिंतीची जाडी

—नाही, त्या बाकावर नको, ताई, तिथं उजेड पाठीला येतो. इकडे बसा, खिडकीकडे तोंड करून. हं, आता दिसताय. मला गिऱ्हाईक उजेडात लागतं — सवय म्हणा, खोड म्हणा. मिशीवाल्यांशी तर माझं अजिबात जमत नाही. मागे एक वकील आले होते, एवढी मिशी, बोलायला लागले की नुसता केरसुणी हलल्याचा भास — दोनदा आले, रागावून गेले, ते गेलेच. तुमचं भांडं? आहे ना. ते काय, त्या फडक्याखाली. थांबा, उठू नका, दाखवतो. दोन वर्षं थांबलात, आता दहा मिनिटांनी काय बिघडतंय.

ओंडका घेऊन आलात तो दिवस आठवतो मला. वडिलांनी लावलेलं झाड, वादळात पडलं, पालिकेच्या माणसांनी तुकडे करून नेलं, आणि तुम्ही भांडून भांडून तेवढा एक ओंडका ठेवून घेतलात — बरोबर ना? आणि मी म्हटलं, आता लगेच नको, कुजू दे थोडं. तुमचा चेहरा असा पडला. वडिलांचं झाड, आणि हा लाकूड कातणारा कातारी म्हणतोय कुजू दे. पण तसाच घेतला असता तर पांढरं फटक भांडं झालं असतं, दुध्या भोपळ्यासारखं. ओल्या पोत्यात गुंडाळायचा, मागच्या पडवीत पालापाचोळ्यात उभा करायचा, आणि विसरायचा. मग बुरशी शिरते. एक नाही, दोन-तीन जातींच्या. आणि दोन बुरश्या जिथं भिडतात तिथं काळी रेघ पडते, शाईनं ओढल्यासारखी. लोक म्हणतात काय नक्षी आहे. नक्षी कसली, भाऊ वेगळे झाल्यावर घरात भिंत घालतात ना, तसलं आहे ते. आता खरी मेख कुठं, तर बाहेर कधी काढायचा. आधी काढलात तर रेघाच नाहीत. उशीर केलात तर लाकडात नख रुततं, मग चुलीत घाला. तुमचा मी अगदी वेळेवर काढला. तिथं चूक नाही झाली, तेवढं लक्षात ठेवा.

बाहेरचा आकार काय, कुणीही देईल. पोटातलं काम खरं. तोंड केवढं, दोन बोटं जातील एवढं. त्यातून हे बाकदार हत्यार आत घालायचं आणि भांडं यंत्रावर फिरत असताना आतून कोरत जायचं. आतलं दिसतं काय? काही नाही. डोळे मिटून दुसऱ्याची दाढी करायची, तसं. मग भिंत किती राहिली हे कळतं कशावरून — हां, चांगलं विचारलंत. मोजायला कंपास असतो, पण तो भांड्याच्या खांद्याखाली पोचत नाही. कळतं आवाजावरून. भिंत जाड असते तोवर भांडं खाली घुमतं, पातळ होईल तसा स्वर चढतो, चढत जातो, आणि एका जागी हात थांबलाच पाहिजे. पुढे केसभर गेलात की भोक. त्यात हे कुजकं लाकूड, रेघेच्या अलीकडे कडक, पलीकडे मऊ, आवाजसुद्धा फसवतो. त्याला कान लागतो. आमच्या हिचा होता तसा. त्या स्टुलावर बसायची, गुडघ्यावर हात ठेवून, आणि नेमक्या वेळी म्हणायची, पुरे. की मी हत्यार काढून घ्यायचो. या फळीवरची सगळी भांडी बघा, उजेडासमोर धरलीत तर बोटं दिसतील पलीकडची. यातलं एक फुटलं नाही. लोक माझ्या हाताचं कौतुक करायचे, ही चहा आणून ठेवायची आणि आत जायची.

काय? — फळीकडे बघत बोलू नका, ताई, तोंड इकडे करून बोला. मला — बरं. आता आलंच आहे तोंडाशी तर सांगून टाकतो. मला ऐकू येत नाही. कमी नाही, येतच नाही. या यंत्रानं खाल्ले कान, हळूहळू, वाळवीनं चौकट खावी तसे. वीस वर्षं होतील. ओठ बघतो आणि अंदाज बांधतो. आणि बडबड करतो. जो बोलत असतो त्याला ऐकावं लागत नाही — ही युक्तीही हिचीच. कुणाला म्हणून सांगितलं नाही आम्ही. आवाजावर चालणारा धंदा आणि कातारी बहिरा, कोण देईल ओंडका? तुम्ही दिला असतात? नसता दिलात. मान हलवू नका, खरं आहे ते.

ती खुंटी बघा. त्यावरचा मास्क माझा, काळाकुट्ट झालाय. या लाकडाची भुकटी साध्या भुशासारखी नसते, बुरशी असते तिच्यात, छातीत जाते. शेजारच्या खुंटीवरचा तिचा. नवाकोरा दिसतो ना? चौदा वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी आणले. पहिल्या दिवशी तिनं बांधला, स्टुलावर बसली, मी काम काढलं, भिंत उतरत आली, मी मान वर केली — तर काय, मास्क. ओठच नाहीत. आतून ती ओरडत होती, असं नंतर म्हणाली. मला काय कळणार? भांडं फुटलं. आणि मी म्हणालो, काढ ते, काय उपयोग त्याचा. एवढंच बोललो. तिनं काढला, खुंटीला लावला, पुन्हा त्याला हात लावला नाही.

हातानं खूण का नाही केली, हेच ना? आमच्या पोरीनंही हेच विचारलं, आई गेल्यावर, याच दारात उभं राहून. खूण करता आली असती. दिवा लावता आला असता, माझ्या मनगटाला दोरी बांधून ओढता आली असती. चौदा वर्षांत मला सुचलं नाही, ताई. तिला सुचलं असणार, ती हुशार होती. पण मला वाटतं, मी मान वर करून बघायचो ते तिला हवं होतं. एरवी कुठं बघायचो मी तिच्याकडे. जेवताना ताटाकडे, बाकीच्या वेळी लाकडाकडे. दिवसातनं तेवढं चार-पाच वेळा बघायचो, तेही भांडं फुटू नये म्हणून.

मग खोकला. आधी धुळीचा म्हणालो, मग थंडीचा म्हणालो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला तेव्हा कुठं तोंड बंद झालं माझं. शेवटच्या दिवशी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आतून वाफ धरलेली. आणि ती बोलली. एक शब्द नाही, चांगली दोन-तीन वाक्यं, थांबत थांबत, माझ्याकडे बघत. मी मास्क काढायला हात पुढे केला, नर्सनं बाजूला केला. मग मी काय केलं असेल? मान डोलावली. हो म्हणालो. गिऱ्हाइकाला म्हणतो तसं — हो, हो, होईल. तिनं डोळे मिटले. नर्सला विचारलं, काय म्हणाली? तिचं लक्ष नव्हतं. आठ महिने झाले. कशाला हो म्हणून बसलोय ते मला माहीत नाही. लाज वाटते.

काढा फडकं. तुम्हीच काढा.

हो, ते भोकच. अंगठा जाईल एवढं. दातात काठी धरून केलं मी हे, काठीचं दुसरं टोक यंत्राला टेकवलेलं — हाडातून थोडं कळतं, स्वर चढलेला दातांना लागतो. हात बसावा म्हणून माझे चार ओंडके फोडले. पाचवं भांडं नीट उतरलं तेव्हाच तुमचा चढवला. आणि हेही उतरलं असतं. दातात कळत होतं मला, आता, आता थांबायचं — आणि मी मान वर केली. स्टुलाकडे. कुणी नाही हे ठाऊक असताना. तेवढ्यात हत्यार पार झालं. ती बाजू भिंतीकडे करून ठेवा म्हणजे दिसणार नाही, असं सांगणारे कातारी आहेत. मी नाही सांगत. दुसरं करून देतो म्हणावं तर त्या झाडाचं काही उरलेलं नाही. मी तुमच्या वडिलांचं झाड फोडलं, ताई. माझ्यानं आता हे काम होणार नाही, आणि दुसरं काही मला येत नाही.

मान खाली घालून बोलताय तुम्ही. भांडं धरून, त्याच्याशी बोलल्यासारख्या. मला नाही दिसत ओठ. असू दे, असू दे, बोला तसंच. रडायचं तर रडा.

हो.

हो, ताई, हो. हो म्हटलं ना. आता निघा तुम्ही, मला यंत्र चालू करायचंय.