पोर प्यारं की बिबट्या

जान्हवी : खाली गाडी उभी आहे ती परत पाठवा, बाबा.

अनंत : अगो, चॅनेलची गाडी आहे ती, रिक्षा नाही. अंधेरीहून बोरीवलीपर्यंत आलीय माझ्यासाठी. सहाला स्टुडिओत पोचायचंय.

जान्हवी : मी आत्ता काशीकाकांकडून येतेय.

अनंत : काय म्हणतो काशीराम?

जान्हवी : काहीच म्हणत नाहीत. काकूंनी आधी दार अर्धं उघडून माझ्यामागे कोण आहे ते बघितलं, मग आत घेतलं. परवा कुणीतरी त्यांच्या दाराला शेण फासून गेलं. पार वाट लागलीय त्यांची.

अनंत : लोक चार दिवसांत विसरतात.

जान्हवी : चॅनेलवरच्या त्या चर्चेची क्लिप बघितलीत तुम्ही?

अनंत : मी तिथेच होतो. मला काय दाखवतेस?

जान्हवी : तरी बघा. चौदा सेकंदांची आहे. तुम्ही ओरडताय, ‘सांगा सर, तुम्हाला पोर प्यारं की बिबट्या?’ काका गप्प. त्यांचा चेहरा मोठा करून दाखवलाय. संपली.

अनंत : गप्प बसला हे खरंच आहे ना?

जान्हवी : का बसले? तुम्ही शेजारी होतात.

अनंत : भरून आलं होतं त्याला. मग बोलला. आरेच्या जंगलातल्या त्या पाड्यावर दिवे नाहीत, संडास नाही, अंधारात पोरांना झुडपात जावं लागतं, तिथे एक बिबट्या पकडून काय होणार… सगळं नीट बोलला. पण तोवर त्याचा माइक बंद केला होता त्यांनी.

जान्हवी : आणि तुमचा?

अनंत : माझा चालू होता.

जान्हवी : सव्वीस वर्षं एका शाळेत शिकवलंत दोघांनी. एका डब्यात जेवलात. आणि त्यांना तिथे नेलं कोणी?

अनंत : मीच. म्हटलं, तुझं म्हणणं एका फटक्यात लाखो लोकांपर्यंत जाईल.

जान्हवी : गेलं की.

अनंत : तुला काय वाटतं, मी पहिल्यापासून असा ओरडायचो? पहिल्या दिवशी मीही टिपणं काढून गेलो होतो. पाऊण तास बसलो, दोन वाक्यं बोलायला मिळाली, तीही अर्धी. दुसऱ्या खेपेला चिडून ओरडलो, तर ती चर्चा चालवणारी चेतना मॅडम म्हणाली, ‘सर, झकास! असंच पाहिजे.’ आयुष्यभर मराठी शिकवलं, कोणी वळून बघितलं नाही. आता बँकेत गेलो तर मॅनेजर उठून खुर्ची देतो.

जान्हवी : कुंदा आली होती काल काशीकाकांकडे.

अनंत : कुंदा… म्हणजे पाड्यावरची?

जान्हवी : बिबट्याने जिची पोर नेली ती. काकांनी रविवारी तिथे वर्ग घेऊन जिला दहावी पास केलं, ती. तिने मोबाइल पुढे धरला. म्हणाली, ‘सर, हे तुम्हीच ना?’ काका म्हणाले, ‘मीच गं, पण माझं पुढचं ऐक.’ तर म्हणाली, ‘पुढचं ह्यात कुठंय?’ आणि निघून गेली.

अनंत : तिला तरी कळायला हवं होतं.

जान्हवी : तिची पाच वर्षांची मुलगी गेलीय, बाबा. तिने काय काय समजून घ्यायचं? ह्या रविवारी काका नेहमीसारखे बसने गेले. दोन तास वर्गाच्या शेडमध्ये बसून होते. एक मूल आलं नाही. तेव्हापासून ते घराबाहेरच पडत नाहीत.

अनंत : मला हे माहीत नव्हतं.

जान्हवी : आज तिथे सांगा. काय घडलं तेवढंच सांगा.

अनंत : थांब. विचारतो.

(अनंत फोन लावतो.)

अनंत : हॅलो, चेतना मॅडम? हो, निघतोच आहे. एक विनंती होती. त्या बिबट्याच्या चर्चेबद्दल मला सुरुवातीला दोन मिनिटं… एक दिलंत तरी… बरं, शेवटी अर्धं? नाही, नाही, तुमची अडचण मी समजू शकतो. छे, येणार नाही असं कुठे म्हटलं? येतोय. हो, लिहून घेतो. ठेवतो.

जान्हवी : काय म्हणाल्या?

अनंत : तो विषय आता कोणी बघत नाही म्हणाली.

जान्हवी : मग जाऊ नका. आपण दोघं काशीकाकांकडे जाऊ. तिथून कुंदाकडे. आत्ता मला जे सांगितलंत तेच तिला सांगा.

अनंत : ती माझं तोंड बघेल का? आणि तिला कळलं म्हणून बाकीच्यांना कळणार आहे?

जान्हवी : तिला कळलं तरी पुरे आहे.

अनंत : मी नाही गेलो तर माझ्या खुर्चीत दुसरा कोणी बसेल, जान्हवी. पुन्हा बोलावणार नाहीत.

जान्हवी : बसू दे की.

(अनंत चप्पल घालतो.)

जान्हवी : चप्पल घातलीत म्हणजे? कुठे निघालात?

अनंत : उशीर होतोय गो.

जान्हवी : आज काय विषय आहे?

अनंत : तो गाडीत कळवतात. कुठल्या बाजूने बोलायचं, तेवढं सांगितलंय.