नळीचा कौल

मंडळी, आधी एक प्रश्न. देवाला विचारायचं कधी, आणि आपलं आपण ठरवायचं कधी? बघा, लगेच माना खाली! हरकत नाही. आंबेखोलच्या लोकांचंही असंच होतं. ऐका!

आंबेखोल हे तळकोकणातलं गाव. तिथे गावदेवीला कौल लावायची रीत. पाषाणाला कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण एकदा काय झालं? कळी पडेचना! तातू गुरव घामाघूम! तेवढ्यात गेलेली वीज आली आणि सभामंडपातली ट्यूब फडफडली. एक, दोन, तीन, चार... लख्ख! तातू ओरडला, "बोलली! माउली बोलली!"

झालं! त्या दिवसापासून कळ्या बंद, नळी सुरू. बटण दाबायचं, फडफड मोजायची. सम आली तर होय, विषम आली तर नाही. म्हैस घेऊ का? चार — घे! मुंबईला जाऊ का? पाच — बस घरी! हसताय? अहो, ज्या विश्राम वायरमनने त्या नळीचा स्टार्टर स्वतःच्या हाताने बसवला, तोही डोळे मिटून हात जोडून मोजायचा!

आणि या विश्रामवर जीव होता शेवंतीचा. शेवंती म्हणजे गावची पिठाची गिरणी चालवणारी बाई. दर वर्षी दोघं नळीखाली उभी राहायची. "लग्न करू?" सात! पुढल्या वर्षी पाच. त्याच्या पुढल्या वर्षी अकरा! नऊ वर्षं, मंडळी! शेवंती अडतिसाची झाली. विश्राम म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघूया."

अशात तालुक्याहून निरोप आला — जुन्या नळ्या काढा, एलईडी लावा. ही चाळीस वॅट खाते, वर चोक खातो तो वेगळाच. नवी अठरात भागवते. शिवाय स्टार्टर दुकानात मिळेनासे झालेत.

आता गाव काय करणार? गाव नळीलाच विचारणार! तातूने गाऱ्हाणं घातलं, "तुका काढू काय गे माये?"

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

बटण दाबलं. एक, दोन, तीन. नाही! अहो, खुर्ची सोडता का, असं खुर्चीवरच्यालाच विचारल्यावर तो दुसरं काय सांगणार? पण गाव गहिवरलं! माउलीला जायचं नाही म्हणाले!

शेवंती मात्र पुढे आली. "विश्राम, स्टूल धर."

"अगो, पण कौल—"

"स्टूल धर!"

चढली, नळी फिरवली, काढली! तातू म्हणाला, नळीचं वहाळात विसर्जन करू. तेव्हा कुठे विश्रामला कंठ फुटला, "आत पारा असतो! मासे मरतील!" मग नळी गोधडीत गुंडाळून एसटीने तालुक्याला पाठवली. सीटवर बसवून! कंडक्टरने हाफ तिकीट फाडलं!

नवा दिवा लागला. बटण दाबलं — लख्ख! फडफड किती? शून्य! आता शून्य सम की विषम? निवृत्त खोत गुरुजी उठले. "सम!"

म्हणजे होय! सगळ्यालाच होय! बापूने विचारलं, कुंपण शेजारच्या धोंडूच्या जागेत सरकवू? लख्ख! धोंडूने विचारलं, बापूचं कुंपण मोडू? लख्ख! संध्याकाळपर्यंत दोघांची डोकी फुटली.

बायका शेवंतीला ढकलू लागल्या, "अगो, आता इचार! आता नक्की होय!"

शेवंती सरळ विश्रामपाशी गेली. "मी इचारूक येवक नाय, सांगूक इलंय. येत्या सोमवारी लग्न."

आणि विश्राम? त्याचा हात बटणावर! म्हणतो, "एकदाच दाबतो. खात्रीला!"

"हात काढ, विश्राम."

मंडळी, त्या माणसाची बोटं लाकडाची झाली होती. पण हात काढला! सोमवारी लग्न झालं. छान झालं. पण नऊ वर्षं? ती कोणी परत दिली? देवीने? वीज मंडळाने? मला राग येतो हो! देवी बिचारी गाभाऱ्यात गप्प बसली होती. नाही म्हणत होतं ते त्या विश्रामचं भित्रं काळीज!

आता तुमच्याकडे वळतो. माना खाली घालू नका! कुणाची माफी मागायचीय, कुणाला घरी परत आणायचंय, कुणाला हो म्हणायचंय — उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. तरी पत्रिका दाखवताय, मुहूर्त बघताय, माझं कीर्तन ऐकताय! मी देवाच्या दारात उभा राहून सांगतो, ज्याला जायचंय त्याने आत्ता उठावं. आरतीला थांबू नका. तुमचा प्रसाद मी राखून ठेवतो.